दाढीचा ब्रश मुरवायचा कसा: केसांची निवड, जड पाणी आणि पहिला महिना

डुकराच्या केसांचा नवा ब्रश पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी करतो. गालाला टोचतो, ओला झाला की जनावराच्या अंगासारखा वास मारतो, आणि वाटीत केलेला फेस गालावर उतरायच्या आत स्वतःच पिऊन टाकतो. ‘गालले टोचस’ म्हणत बरेच जण चौथ्या-पाचव्या दिवशी तो न्हाणीच्या कोनाड्यात टाकून देतात. ब्रशमध्ये खोट नसते, तो मुरलेला नसतो. नव्या खापरावर पहिल्या दिवशी मांडा नीट सुटत नाही म्हणून कुणी खापर फोडत नाही. या ब्रशलाही तेवढाच वेळ द्यावा लागतो, साधारण एक महिना.

खानदेशात या महिनाभराच्या कामात दोन गोष्टी आड येतात: बोअरचं जड पाणी आणि हवा. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो, श्रावणात भिंतीही ओलसर असतात. या दोन्ही गोष्टी सांभाळल्या तर साधा, स्वस्त ब्रशही उत्तम निघतो. सांभाळल्या नाहीत तर महागडाही वर्षभरात वाया जातो.

केस मऊ होतो म्हणजे नेमकं काय होतं

डुकराचा केस मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो. त्याचं टोक अखंड नसतं, मुळातच दोन-तीन बारीक फाटे असतात. ब्रश बांधताना मुळाची बाजू मुठीत चिकटवतात आणि फाटे असलेलं टोक बाहेर ठेवतात. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. आपल्या नखांचं आणि गुरांच्या शिंगांचं जे द्रव्य, तेच हे. पाण्यात केस फुगतो. फुगतो तो जाडीत, लांबीत फार थोडा. वाळला की पुन्हा आक्रसतो. रोजच्या या फुगण्या-आक्रसण्यानं आणि गालावरच्या घासण्यानं टोकाचे तंतू उभे सुटत जातात, एका टोकाची दोन होतात, दोनाची चार. फाटे वाढले की टोक मऊ लागतं, पण खालचा जाड भाग तसाच ताठ राहतो. मुरलेल्या ब्रशची खरी गोडी यातच आहे: टोक मऊ, कणा ताठ.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यायची. भिजणं हे निम्मं काम आहे, पूर्ण वाळणं हे दुसरं निम्मं. ब्रश लवकर मऊ व्हावा म्हणून काही जण तो तीन-चार दिवस सलग पाण्यात बुडवून ठेवतात. त्यानं केस एकदाच फुगतो आणि फुगलेलाच राहतो, शिवाय मुठीतला गोंद सुटायला लागतो. ओला-कोरडा, ओला-कोरडा असे फेरे जितके पूर्ण होतील तितका ब्रश मुरतो.

डुक्कर, बॅजर, घोडा

नैसर्गिक केसांचे ब्रश मुख्यतः या तीन जनावरांच्या केसांचे मिळतात.

डुकराचा केस सगळ्यांत ताठ आणि सगळ्यांत स्वस्त. तो पाणी केसाच्या आत शोषतो, म्हणून वापरण्याआधी भिजवावा लागतो. इटली आणि पोर्तुगालमध्ये या ब्रशांची मोठी परंपरा आहे आणि तिथले न्हावी आजही तो वापरतात. आपल्याकडची दाढी बहुधा जाड, दाट आणि राठ असते. अशा दाढीचे केस उभे करायला ताठ कणा लागतो, म्हणून पहिला ब्रश डुकराच्या केसांचाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

बॅजर हा युरोप-आशियात बिळात राहणारा प्राणी. ब्रशसाठी लागणारे त्याचे केस बहुतांश चीनमधून येतात. हा केस पाणी आत फारसं घेत नाही, केसाकेसांमधल्या फटींत धरून ठेवतो. टोक जन्मतःच बारीक असल्यामुळे त्याला मुरवायचं काम थोडं. तीन-चार वेळा धुतला, आठवडाभर वापरला की वास जातो आणि झुपका फुलतो. खोक्यावर प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशा प्रती लिहिलेल्या असतात. यात प्युअर ही सर्वांत वरची नसून सर्वांत खालची प्रत आहे, आणि सिल्व्हरटिप सर्वांत वरची. नावावरून नेमका उलटा समज होतो. शिवाय या प्रती कोणतीही सरकारी संस्था ठरवत नाही, प्रत्येक कारखाना आपापल्या मनानं ठरवतो. एकाची बेस्ट दुसऱ्याच्या सुपरएवढी असू शकते.

घोड्याचा केस या दोघांच्या मधला. तो आयाळीतून किंवा शेपटीतून कापून घेता येतो, त्यासाठी जनावर मारावं लागत नाही. ज्यांना ही बाब महत्त्वाची वाटते त्यांच्यासाठी हा चांगला पर्याय आहे. मुरायला दोनेक आठवडे लागतात.

इथे एक सावधगिरी. सारंगखेड्याच्या यात्रेत हजारो घोडे येतात. तिथून शेपटीचे केस आणून घरीच झुपका बांधू, असा विचार कुणाच्या मनात आला तर तो सोडून द्यावा. गुरांना होणारी फाशी, म्हणजेच अँथ्रॅक्स, या रोगाचे बीजाणू केसांत वर्षानुवर्षं टिकतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे माणसांना हा रोग झाला होता, काही जण दगावलेही. दाढी करताना त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि तिथूनच रोग आत शिरतो. हे बीजाणू साध्या साबणानं मरत नाहीत. कारखान्यात निर्जंतुक केलेल्या केसांच्या ब्रशला ही भीती नाही. कच्चे केस मात्र कधीच वापरू नयेत.

मुंगसाच्या केसांचा कुठलाही ब्रश, चित्रकलेचा असो की दाढीचा, घेऊ नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे आणि त्याच्या केसांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. बॅजरचा आपल्याकडचा लांबचा नातलग म्हणजे चांदी अस्वल (रॅटेल). त्यालाही या कायद्याचं संरक्षण आहे. ‘देशी बॅजर’ म्हणून कुणी ब्रश विकत असेल तर तिथूनच परत फिरावं.

आणखी एक गोष्ट खोक्यावर स्पष्ट लिहिलेली नसते. ‘ब्रिसल’, ‘नॅचरल ब्रिसल’, ‘प्युअर ब्रिसल’ या शब्दांचा व्यापारातला अर्थ जवळजवळ नेहमी डुकराचे केस असाच असतो. मुस्लिम, जैन किंवा कट्टर शाकाहारी घरात ब्रश भेट देताना हे आधी विचारून घ्यावं. अशा घरांसाठी घोड्याच्या केसांचा किंवा चांगल्या प्रतीचा कृत्रिम तंतूंचा ब्रश योग्य. आजचा बारीक कृत्रिम तंतू जुन्या नायलॉनसारखा खरखरीत राहिलेला नाही, आणि त्याला मुरवावंही लागत नाही.

दुकानात काय पाहायचं

दोन मापं महत्त्वाची. झुपक्याचा मुठीपाशी असलेला व्यास आणि मुठीबाहेर दिसणाऱ्या केसांची उंची. डुकराच्या केसांसाठी २२ ते २४ मिलिमीटर व्यास आणि ५० ते ५५ मिलिमीटर उंची हे बहुतेक चेहऱ्यांना जमणारं माप आहे. उंची कमी असेल तर ब्रश जास्त ताठ लागतो आणि मुरायला वेळ घेतो. जास्त असेल तर गालावर लोळतो आणि फेस इकडेतिकडे उडतो. बॅजरचा केस मऊ, म्हणून त्याची उंची थोडी कमी असली तरी चालते. दुकानदाराकडे मोजपट्टी नसेल तर साधी खूण: झुपका मुठीपाशी एक रुपयाच्या नव्या, लहान नाण्यापेक्षा जरासा मोठा असावा.

मग टोकं पाहा. ब्रश उजेडाकडे धरला की चांगल्या ब्रशची टोकं धूसर, कापसासारखी दिसतात. कात्रीनं सपाट छाटलेली टोकं एकसारखी, बोथट आणि चकचकीत दिसतात. कात्रीनं फाटे उडालेले असतात, त्यामुळे असा ब्रश महिनाभरानंतरही टोचत राहतो. चांगल्या ब्रशचा घुमटाकार किंवा पंख्यासारखा आकार केस बांधताना साच्यात बसवून आणतात, कापून नाही. ज्या ब्रशची टोकं कापलेली आहेत तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. निवडीत एकाच गोष्टीकडे लक्ष देता येणार असेल तर ते इथे द्यावं.

झुपका तळहातावर दाबून सोडा, तो लगेच उभा राहिला पाहिजे. बोटांच्या चिमटीत वीस-पंचवीस केस धरून हलका ओढा. एखाद-दुसरा सैल केस हातात येणं ठीक, चार-पाच आले तर बांधणी कच्ची. झुपका आणि मूठ यांच्या सांध्यावर नजर फिरवा. तिथे फट दिसली तर पाणी आत जाणार आणि गोंद सुटणार.

काही डुकराच्या केसांच्या ब्रशांवर मधोमध काळा पट्टा रंगवलेला असतो, बॅजरसारखा दिसावा म्हणून. त्यात फसवणूक असतेच असं नाही, खोक्यावर खरं लिहिलेलं असू शकतं. पण बॅजर म्हणून तो कुणी विकत असेल तर ओळखता यावं. ओल्या पांढऱ्या रुमालावर ब्रश घासला आणि रंग उतरला तर पट्टा रंगवलेला आहे. रंग पक्का असेल तर केसाची जाडी पाहा. डुकराचा केस मुळाशी चांगला जाड, दोऱ्यासारखा लागतो.

केस खरा की नायलॉन, हे घरी आणल्यावर गळलेल्या एका केसावर तपासता येतं. चिमट्यात धरून पेटवा. खरा केस चुरचुरत जळतो, जळक्या केसांचा ओळखीचा वास येतो आणि मागे राहिलेली राख बोटानं चुरडते. नायलॉन वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो.

मुठीबद्दल थोडक्यात. लाकडी मूठ दिसायला देखणी, पण एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रोज ओली होऊन रोज करकरीत वाळली की तिला चिरा जातात. घ्यायचीच असेल तर जाड वॉर्निश असलेली घ्या. नाहीतर रेझिन किंवा चांगल्या प्लास्टिकची मूठ बरी. घडीव धातूची मूठ साबणाच्या हातातून निसटते.

जड पाणी

ब्रश मुरत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यापैकी निम्म्यांची अडचण ब्रशमध्ये नसते, बादलीत असते. चोपडा, यावल, रावेर या तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात खोल ट्यूबवेल आहेत. धुळे, साक्रीकडे काळ्या खडकातले बोअर. बहुतेक ठिकाणी जमिनीतून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि ज्याचा पांढरा थर नळाच्या तोंडाशी बसतो, ते हे पाणी.

साबण या क्षारांशी मिळाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. दाढीत याचे दोन परिणाम दिसतात. साबणाचा बराचसा भाग फेस होण्याऐवजी साक्यात जातो, त्यामुळे फेस पातळ होतो आणि अर्ध्या मिनिटात बसतो. आणि हा साका झुपक्याच्या तळाशी, केसांच्या मुळांत अडकतो. आठ-दहा दिवसांत तिथे पांढरट भुकटी दिसते, केस एकमेकांना चिकटतात आणि ब्रश मऊ होण्याऐवजी कडक होत जातो. माणूस ब्रशला दोष देतो.

आपलं पाणी किती जड आहे ते घरी पाहता येतं. एका स्वच्छ काचेच्या बाटलीत साधारण १०० मिलिलिटर पाणी घ्या, त्यात अंघोळीच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि अर्धा मिनिट जोरात हलवा. कपड्यांची पावडर किंवा शाम्पू घेऊ नका, ते जड पाण्यातही फेस देतात आणि चाचणी फसते. वर दाट फेस आणि खाली जवळजवळ निवळ पाणी राहिलं तर पाणी मऊ आहे. फेस जेमतेम आणि पाणी दुधासारखं गढूळ, त्यात पांढरे कण तरंगताहेत, तर जड.

उपाय सोपा आहे, कारण दाढीला पाणी लागतं किती? ब्रश भिजवायला एक पेला, फेसाला चार-पाच चमचे आणि शेवटी खळबळायला आणखी एक पेला. एवढं पाणी पिण्याच्या आरओ फिल्टरचं किंवा जारचं घ्यावं. ब्रश आधी बादलीतल्या पाण्यानं धुतला तरी हरकत नाही, शेवटचं खळबळणं तेवढं मऊ पाण्यात करा. जार येत नसेल तर पाणी पाच मिनिटं खळखळ उकळा, थंड होऊ द्या आणि तळाशी बसलेला पांढरा गाळ न हलवता वरचं पाणी ओतून घ्या. उकळल्यानं क्षारांचा काही भाग खाली बसतो, सगळा नाही, पण फरक जाणवतो. पावसाळ्यात स्वच्छ पातेल्यात धरलेलं पावसाचं पाणी या कामाला सर्वांत उत्तम. पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्याव्यात, त्यात छतावरची धूळ असते.

पहिला दिवस आणि पुढचा महिना

नवा ब्रश आधी धुवायचा. कोमट पाण्यात केस ओले करा, अर्धा चमचा साधा शाम्पू तळहातावर घ्या आणि त्यात ब्रश गोल फिरवत मिनिटभर घासा. मुळापर्यंत बोटांनी हलकं चोळा, कारखान्यातली भुकटी आणि सैल केस तिथेच असतात. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. वास एका धुण्यात जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात कमी होतो आणि दहाएक दिवसांत संपतो. वास लवकर जावा म्हणून धुण्याचा सोडा, फिनेल किंवा ब्लिचिंगचं पाणी वापरू नका. तीव्र अल्कली आणि क्लोरीन केराटिनलाच खातात. वास जाईल, केसही जातील.

धुतल्यावर पेल्यात कोमट पाणी घेऊन केस १५-२० मिनिटं भिजू द्या. पाणी मुठीच्या कडेच्या जरा खाली असावं, मूठ बुडता कामा नये. कोमट म्हणजे ज्यात बोट निवांत ठेवता येतं एवढंच. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी हात पोळेल इतकं गरम असतं. ते थेट घेऊ नका. गोंद नरम पडतो आणि झुपका मुठीत हलायला लागतो.

भिजलेल्या ब्रशनं वाटीत किंवा तळहातावर फेस करा. पहिल्या दिवशी दाढी करायचीच असं नाही. फेस केवळ ब्रशसाठी करा. पाच मिनिटं फिरवा, मग फेसानं भरलेला ब्रश रात्रभर तसाच उभा ठेवा. साबणात केस हळूहळू मऊ पडतात आणि वासही निघतो. सकाळी धुऊन पूर्ण वाळू द्या. हा फेरा पाच ते सात वेळा करावा, दोन फेऱ्यांच्या मध्ये ब्रश हाताला पूर्ण कोरडा लागलाच पाहिजे. वरून कोरडा वाटतो, मुळाशी ओल असते, म्हणून केस बाजूला सारून मुळाला बोट लावून पाहा.

त्यानंतर रोजच्या दाढीला वापरा. दहा दाढ्यांनंतर टोचणं कमी होतं. पंधरा-वीस दाढ्यांनंतर ब्रश फेस पिणं थांबवून गालावर सोडायला लागतो, आणि पंचवीस-तीस दाढ्यांनंतर तो खऱ्या अर्थानं हाताशी येतो. एक दिवसाआड दाढी करणाऱ्याला दोन महिने लागतील. टोकं पाहत राहा. महिन्याअखेर ती उजेडात जास्त धूसर आणि फिकट दिसली पाहिजेत.

पहिल्या दोन आठवड्यांत रोज दोन-चार केस गळतात, ते बांधणीत सैल राहिलेले असतात. गळती हळूहळू थांबली पाहिजे. महिन्यानंतरही रोज केस येत असतील तर मूठ आणि झुपका यांच्यातला गोंद किंवा बांधणी सदोष आहे. असा ब्रश दुकानात परत न्यावा.

रोजचा फेस

मुरलेला डुकराचा ब्रशही रोज पाच ते दहा मिनिटं भिजवावाच लागतो. अंघोळीच्या आधी भिजत घालावा, अंघोळ झाली की तो तयार असतो आणि दाढीही मऊ झालेली असते. बॅजरला एक-दोन मिनिटं पुरतात.

भिजलेला ब्रश बोटांनी हलका पिळा आणि दोन-तीनदा झटका. आता तो ओला आहे, पण ठिबकत नाही. क्रीम असेल तर हरभऱ्याच्या मोठ्या दाण्याएवढं, वडी असेल तर तिच्यावर २० ते ३० सेकंद ब्रश गोल फिरवावा. नवा ब्रश फेस पितो म्हणून पहिल्या महिन्यात साबण थोडा जास्त घ्यावा लागतो. मग वाटीत किंवा थेट गालावर फिरवत एका वेळी अर्धा चमचा पाणी घालत जा. सुरुवातीचा फेस चिकट आणि खरखरीत असतो, पाणी कमी आहे म्हणून. मोठे बुडबुडे आले तर पाणी जास्त झालं. बरोबर फेस घट्ट दह्यासारखा चकचकतो आणि ब्रश उचलला की त्याचं टोक वाकून राहतं. एकदा जास्त झालेलं पाणी काढता येत नाही, थोडा साबण वाढवावा लागतो. म्हणून पाणी थेंबाथेंबानंच.

ब्रश गालावर दाबून मुळापर्यंत पसरवू नका. टोकांचा वरचा अर्धा इंच काम करतो. जोरात दाबून गोल गोल घासलं की मधले केस बुडापाशी मोडतात. काही महिन्यांनी झुपक्याच्या मध्यभागी खळगा पडतो आणि तो भरून येत नाही. डुकराचा ब्रश थोडा दाब सोसतो. बॅजर सोसत नाही, तो भिंत रंगवल्यासारखा मागेपुढे फिरवावा.

सलूनमध्ये दाढी करणाऱ्यांनीही स्वतःचा ब्रश जवळ ठेवावा. पात्यानं झालेल्या बारीक जखमांतून एकाच्या गालावरची पुटकुळी किंवा बुरशी दुसऱ्याच्या गालावर जाते, आणि दिवसभर ओला राहणारा सामायिक ब्रश हे त्याचं सोपं वाहन आहे. पातं नवं मागायची सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे. ब्रशबद्दलही तेवढाच आग्रह धरावा. चांगला न्हावी त्याचं वाईट वाटून घेत नाही.

वाळवणं

दाढी झाली की ब्रश स्वच्छ पाण्याखाली धरा आणि मुळाकडून टोकाकडे बोटांनी दाबत फेस काढा. ओढू नका, पिळा देऊ नका. पाणी निवळ येऊ लागलं की मऊ पाण्यात खळबळा, आठ-दहा वेळा जोरात झटका आणि टोकं टॉवेलवर हलकी पुसा. मग उभा ठेवा किंवा उलटा टांगा. यात फारसा फरक नाही. केसांच्या मुळांतलं पाणी केसांच्या फटींनीच धरलेलं असतं, ते उलटं टांगल्यानं खाली गळत नाही. ते हवेनंच जातं. टांगायचं स्टँड घ्यायला पैसे घालवण्यापेक्षा जागा नीट निवडा.

जागा म्हणजे सावलीतली, हवा खेळती असलेली खिडकी. बंद न्हाणीघर नको, आरशाच्या मागचं कपाट नको, प्लास्टिकचं टोपण तर अजिबात नको. उन्हाळ्यात लोक हमखास एक चूक करतात: ब्रश कूलरसमोर ठेवतात, वारा आहे म्हणून. कूलरची हवा ओली असते. बाहेरच्या कोरड्या हवेत चार-सहा तासांत वाळणारा ब्रश कूलरच्या खोलीत दिवसभर दमट राहतो. थेट उन्हातही ठेवू नका. केस ठिसूळ होतात आणि मूठ तडकते.

पावसाळ्यात चोवीस तासांतही मुळं वाळत नाहीत. त्या तीन महिन्यांत दोन ब्रश ठेवून एक दिवसाआड वापरणं हा सर्वांत चांगला उपाय. एकच ब्रश असेल तर रात्री पंख्याखाली ठेवावा.

बिघाड आणि दुरुस्ती

मुळाशी पांढरी भुकटी आणि कडक केस म्हणजे साबणाचा साका. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक सपाट चमचा सायट्रिक ॲसिड विरघळवा आणि केस दहा मिनिटं भिजवा. किराणा दुकानात हे सहज मिळतं, ढोकळ्याच्या पिठात घालतात तेच. नसेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी. मग शाम्पूनं धुऊन भरपूर खळबळा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हे महिन्यातून एकदा करावं. धातूच्या मुठीला हे पाणी लागू देऊ नका.

कुबट वास आणि मुळाशी काळे ठिपके म्हणजे बुरशी. वास नुकताच सुरू झाला असेल तर वरचाच उपाय करून दोन-तीन दिवस हवेवर ठेवल्यानं तो जातो. काळे ठिपके केसांत उतरले असतील तर ब्रश टाकून द्या. चेहऱ्यावर फिरवायची वस्तू आहे, तिथे काटकसर नको.

जादा म्हणून घेऊन ठेवलेल्या ब्रशला कसर लागते. लोकरीच्या शालीला भोकं पाडणारी हीच कीड केसही खाते. कपाटातून काढल्यावर केस मध्येच तुटलेले आणि झुपक्यात बारीक भुसा दिसला तर ती लागली असं समजा. ब्रश ठेवण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून वापरा. डांबराच्या गोळ्या त्या डब्यात टाकू नका, त्यांचा वास आणि अंश केसांत राहतो.

आणि झुपका मुठीतून अख्खाच निघून आला तर ब्रश फेकू नका. झुपक्याच्या बुडाची गाठ शाबूत असेल तर वाळवण्याचा वेळ सोडून हे काम पंधरा मिनिटांचं आहे. मुठीतला खळगा आणि झुपक्याची बैठक दोन दिवस वाळू द्या. जुना गोंद चाकूच्या टोकानं खरवडून काढा. हार्डवेअरच्या दुकानात दोन ट्यूबमध्ये मिळणारा इपॉक्सी गोंद सारख्या प्रमाणात मिसळा आणि खळग्याच्या तळाशी वाटाण्याएवढा लावा. झुपका सरळ दाबून बसवा. गोंद जास्त झाला तर तो केसांत चढतो आणि मुळं दगडासारखी होतात, म्हणून कमीच घ्या. बाहेर आलेला गोंद लगेच पुसा, ब्रश उभा ठेवा आणि पूर्ण चोवीस तास पाण्याचा थेंबही लागू देऊ नका.